कंसातली बाई

लेंतमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, एका शनिवारी नगरला भावाच्या घरी प्रार्थना होती. गल्लीतली आठदहा माणसं, शेजारून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, ओट्यावर ताटाने झाकलेला चिवडा. उकाडा होता तरी पंखा बंद ठेवला होता, कारण वाचायला आजीचं जुनं पवित्र शास्त्र काढलं होतं आणि त्याची पानं आता वाऱ्याने सुटून येतात. वाचन भाचीकडे होतं. ती यंदा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येशूची जी चार चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं, आहेत त्यांतल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय. शास्त्री आणि परूशी त्या व्यभिचारात धरलेल्या बाईला ओढत आणून मधोमध उभी करतात, येशू ओणवून बोटाने जमिनीवर काहीतरी लिहीत राहतो, आणि मग ज्याच्या हातून पाप घडलेलं नाही त्याने पहिला दगड टाकावा, असं म्हणून पुन्हा खाली वाकतो. भाचीने सावकाश, समजून वाचलं. वडीलधाऱ्यांपासून एकेक जण काढता पाय घेतो तिथे तिचा आवाज आपोआप खाली आला आणि कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी डोळे पुसले. चहाच्या वेळी ती पुस्तक उघडंच धरून माझ्याकडे आली. "आत्या, हा सगळा भाग कंसात का घातलाय?" सातव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनाला चौकटी कंस उघडत होता, आठव्याच्या अकराव्या वचनाला मिटत होता. मी कपात बघत म्हणाले, "काही नाही गं, छपाईची पद्धत असते एकेक."

मी सव्वीस वर्षं पुण्यात एका छापखान्यात प्रुफं वाचली आहेत.

कंस कधीच आपोआप पडत नाही, हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं. कुणीतरी विचार करून तो घालायला सांगतं, कुणीतरी खिळा उचलून बसवतं, आणि माझ्यासारखं कुणीतरी तो मिटलाय ना हे बघतं. तरीही मी पोरीला खोटं सांगितलं. त्या आजींचे डोळे अजून ओले होते, हे एक कारण. दुसरं कारण असं की खरं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते मोठ्याने बोलायची मला भीती वाटली. परतीच्या एसटीत, शिरूर मागे पडेपर्यंत, ते खोटं मला टोचत राहिलं.

त्या कंसाचा अर्थ असा आहे की योहानाच्या शुभवर्तमानाच्या ज्या सगळ्यांत जुन्या प्रती आज हाताशी आहेत, त्यांत ही गोष्टच नाही. इजिप्तच्या कोरड्या हवेत टिकलेल्या, अभ्यासकांनी ६६ आणि ७५ असे क्रमांक दिलेल्या दोन जुन्या पपायरस प्रती आहेत, त्यांत नाही. चौथ्या शतकातली चर्मपत्रावरची दोन थोर हस्तलिखितं आहेत, एक व्हॅटिकनमधलं आणि एक सिनाय पर्वताच्या मठातलं, त्यांतही नाही. गालीलातून संदेष्टा उद्भवत नाही, हे वाक्य संपतं आणि पाठोपाठ 'मी जगाचा प्रकाश आहे' सुरू होतं. मधे काही गळल्याचा सांधासुद्धा जाणवत नाही. ग्रीक प्रतींत ती पहिल्यांदा भेटते ती पाचव्या शतकाच्या सुमारास, कोडेक्स बेझे नावाच्या हस्तलिखितात. पुढे काही प्रतींत तर ती योहानाचं घर सोडून लूकच्या एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी जाऊन राहिली आहे. आणि भाषा बघावी तर 'शास्त्री' हा शब्द, जो बाकीच्या तिन्ही शुभवर्तमानांत पदोपदी येतो, तो योहानाच्या अख्ख्या पुस्तकात या एका गोष्टीतच आहे. प्रुफं वाचणाऱ्याला एवढं पुरतं. दुसऱ्या हाताचा मजकूर आहे हे कळतं.

हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी पस्तिशीची असेन. छापखान्यात एका अभ्यासकाचं पुस्तक आलं होतं, त्याची प्रुफं माझ्या टेबलावर होती आणि मी एकेक ओळ पट्टीखाली धरून वाचत गेले. दुपारची वेळ होती, बाहेर कटिंग मशीनचा आवाज चालू होता. मला आठवतं ते एवढंच की मी पट्टी बाजूला ठेवली आणि नळावर जाऊन तोंड धुतलं. लहानपणापासून ज्या गोष्टीने मला येशू कळला, तीच नेमकी उपरी निघावी याचं दुःख झालं. दुःखाबरोबर रागही होता, आणि तो कुणावर काढायचा हे समजत नव्हतं. मग संध्याकाळी, हात आपलं काम करत असताना, दुसरा विचार आला: मूळ पुस्तकात नसलेली गोष्ट इतक्या शतकांत कुणालाच टाकून का देववली नाही?

छपाईच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला नकलाकारांबद्दल एक जवळीक वाटते. त्यांच्या चुका आमच्याच चुका आहेत. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असतील तर डोळा पहिल्या ओळीवरून थेट दुसरीच्या टोकाला उतरतो आणि मधलं वाक्य नाहीसं होतं. सिनायच्या त्या देखण्या प्रतीत अशा जागा कितीतरी आहेत. या चुका सापडतात, कारण वाक्य लंगडं होतं. अवघड असते ती दुसऱ्या जातीची चूक, शहाण्या माणसाची. माझ्याच हातून ती एकदा घडली. एका ग्रामीण कथासंग्रहात 'दिसभर' हा शब्द दिसला आणि मी सवयीने त्याचं 'दिवसभर' केलं. लेखकाच्या नजरेतून ते निसटलं. दुसरी आवृत्ती पहिल्या आवृत्तीवरूनच छापली गेली. त्या म्हातारीच्या तोंडचा तो शब्द मी कायमचा काढून घेतला, तो कुठल्याच छापील प्रतीत आता नाही. दुरुस्ती करणाऱ्याचा हात नेहमी मजकूर सोपा, नीट आणि बरोबर करत जातो, म्हणून दोन पाठांतला जो खडबडीत आहे तो बहुधा जुना असतो, हा जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांचा नियम मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

मार्कच्या पहिल्याच पानावर त्याचं उदाहरण आहे. 'यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात लिहिलं आहे' असं म्हणून मार्क जे देतो, त्यातला आधीचा भाग मलाखी या दुसऱ्याच संदेष्ट्याच्या ग्रंथातला आहे. जुन्या प्रतींत ही चूक तशीच आहे. नंतरच्या पुष्कळ प्रतींत मात्र 'यशया' जाऊन नुसतं 'संदेष्ट्यांच्या ग्रंथांत' झालं. कुणीतरी माझ्यासारख्याच माणसाने लेखकाची लाज राखली. आणि याच्या उलट, व्हॅटिकनच्या हस्तलिखितात इब्री लोकांस पत्राच्या पहिल्या पानाच्या समासात एका संतापलेल्या वाचकाची नोंद आहे. आधीच्या कुणीतरी तिथला एक शब्द बदलला होता. याने मूळचा शब्द परत लिहिला आणि शेजारी ग्रीकमध्ये खरडलं: अरे महामूर्खा, दुष्टा, जुनं आहे ते राहू दे, बदलू नकोस! ते पान मी संगणकाच्या पडद्यावर मोठं करून पाहिलं आहे. मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून पंडिता रमाबाईंचं बायबल छापलं, ५ एप्रिल १९२२ला बाई गेल्या त्यांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत ते काम चालू होतं, हे मला नेहमी आठवतं. पण त्या समासातल्या अनामिकाइतका सख्खा मला कुणी वाटला नाही.

आपल्याकडे हा ओरडा ओळखीचा आहे. नाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील. भांडारकर संस्थेने महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून पाहिल्या, तेव्हा गणपतीने व्यासांचा लेखक व्हावं ही घराघरांतली कथा मूळ संहितेतून उचलून परिशिष्टात ठेवावी लागली. म्हणून काही गणपतीच्या हातातला बोरू कुणी काढून घेतला नाही.

आमच्याकडे उपदेशात एक आकडा पुष्कळदा येतो. नव्या कराराच्या सुमारे ५,८०० ग्रीक हस्तलिखित प्रती आहेत, जगातल्या दुसऱ्या कुठल्याही प्राचीन ग्रंथाच्या एवढ्या नाहीत, म्हणून आपलं शास्त्र विश्वसनीय. ते ऐकताना मलाही अभिमान वाटतो. पण बाकावर बसल्या बसल्या मनात प्रुफवाली जागी होते. प्रती भरपूर असल्या की मूळ लेखकाने काय लिहिलं ते जवळपास नक्की करता येतं, आणि नव्या कराराच्या बाबतीत ते बऱ्याच खात्रीने करता आलं आहे. यातल्या पुष्कळ प्रती हजार वर्षांनंतरच्या आहेत, तरीसुद्धा. पण लेखकाने जे लिहिलं ते घडलं होतं का, हा प्रश्न वेगळा. मी प्रुफावर 'छापा' म्हणून सही करते तेव्हा पान हस्तलिखिताबरहुकूम आहे, एवढंच सांगते. लेखक खरं बोलतोय की नाही, याची हमी माझ्या सहीत नसते. लूकच्या दुसऱ्या अध्यायात क्विरीनिय सूरियाचा सुभेदार असताना नावनिशी, म्हणजे शिरगणती, झाली आणि त्यासाठी योसेफ व मरिया बेथलेहेमला गेले, असं आहे. हे वचन निर्दोष आहे, त्याला कंस नाही, प्रतींत वाद नाही. पण योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या हिशेबाने क्विरीनियची नावनिशी इसवी सन ६मधली, आणि ज्या हेरोद राजाच्या दिवसांत येशू जन्मला असं शास्त्र सांगतं तो इसवी सनापूर्वी ४मध्ये मेलेला. मधे सुमारे दहा वर्षांचं अंतर. ते सांधायचे प्रयत्न पुष्कळ झाले, मी वाचलेल्यांपैकी एकही मला पटला नाही.

या दहा वर्षांनी मला फार छळलं असतं, पण त्याआधी आमच्या घरातच तसं काहीतरी होऊन गेलं होतं.

आजी सांगायची की तिच्या सासऱ्यांचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा, बाप्तिस्मा मोठ्या दुष्काळात झाला. विहिरींनी तळ गाठला होता, मिशनच्या बंगल्यावर तांब्याभर पाणी राखून ठेवलं होतं, त्यातलं ओंजळभर त्यांच्या डोक्यावर पडलं आणि ते मान वर करून ओठांनी थेंब टिपत राहिले. आणि त्यांच्याबरोबर त्याच दिवशी एका आंधळ्या माणसाचा बाप्तिस्मा झाला, त्याचा हात पणजोबांनी धरला होता. हे सांगताना आजी आपलाच पंजा दुसऱ्या हाताने धरून दाखवायची. आजी गेल्यावर काही वर्षांनी मी मंडळीची जुनी नोंदवही बघायला गेले. पाळकसाहेबांनी कपाट उघडलं तसा डांबराच्या गोळ्यांचा वास आला. पानांना कसरीने नक्षी केली होती, शाई तपकिरी झाली होती. नाव सापडलं. पुढे तारीख होती ऑगस्ट १८८१. मोठा दुष्काळ १८७६ ते ७८चा. तीन वर्षं उलटून गेली होती, आणि महिना तर ऐन पावसाळ्याचा. तांब्याभर पाण्याची गोष्ट माझ्या हातात मोडली. मी वही मिटणार एवढ्यात खालची ओळ वाचली. त्याच तारखेला दुसरं एक नाव होतं आणि शेवटच्या रकान्यात बारीक मोडी वळणाच्या अक्षरात एक शब्द: अंध.

त्या दिवशी मी लूकला जवळून ओळखलं, असं मला वाटतं. घरातली घटना मनात ठेवायची तर तिला एखादी मोठी, गावाला ठाऊक असलेली खुंटी लागते. दुष्काळ, प्लेग, नावनिशी. माणसं आपलं आयुष्य त्या खुंटीला टांगतात आणि खुंटी चुकते. मात्र कुणी मुद्दाम रचणार नाही असे बारीकसारीक तपशील तळाशी जसेच्या तसे राहून जातात. योहान यरुशलेमातल्या बेथेस्दा तळ्याला पाच पडव्या होत्या असं लिहितो. पाच हा आकडा काहींनी मोशेच्या पाच ग्रंथांचं प्रतीक ठरवला होता. मग संत हन्नाच्या चर्चजवळ खोदकाम झालं आणि जोडतळं निघालं, मधे बांध घातलेलं. चार बाजूंच्या चार पडव्या आणि बांधावरची एक, असा पाचांचा हिशेब बसतो. मार्क वधस्तंभ वाहायला धरलेल्या कुरेनेकर शिमोनाबद्दल सांगताना 'आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप' एवढं म्हणून पुढे जातो. हे दोघे कोण, ते गोष्टीत कुठेच येत नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी मार्क लिहीत होता त्यांना ती मुलं ओळखीची असणार, जसं आमच्या गल्लीत एखाद्याची ओळख अमक्याचा बाप अशीच होते. आणि पौल, जो येशूच्या मरणानंतर पंचविसेक वर्षांच्या आत पत्रं लिहीत होता, तो गलतीकरांना सांगतो की मी यरुशलेमात जाऊन केफाजवळ, म्हणजे पेत्राजवळ, पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब मला भेटला. पुढे लगेच शपथ घेतो की मी खोटं लिहीत नाही. मला त्या पंधरा दिवसांचं फार वाटतं. एकाच घरात दोन माणसं पंधरा दिवस जेवली, तर काय काय बोलणं झालं असेल.

विसंगतीही तशाच लख्ख आहेत, आणि त्या झाकाव्यात असं मला आता वाटत नाही. रिकाम्या कबरेपाशी पहाटे कोण बाया गेल्या, याच्या चार याद्या आहेत आणि चारही वेगळ्या. मार्कमध्ये सलोमे आहे, लूकमध्ये योहान्ना आहे, योहानात एकटी मग्दालीया मरिया. मग्दालीया मात्र चारही ठिकाणी आहे. ज्या काळात बायकांच्या साक्षीला पुरुषांच्या साक्षीचं वजन नव्हतं, त्या काळात रचायचीच झाली असती तर एखादा पेत्र पुढे करता आला असता. आणि मार्कच्या सर्वांत जुन्या दोन प्रतींत त्या बाया पळून जातात, कोणाला काही सांगत नाहीत, 'कारण त्यांना भीती वाटत होती', आणि पुस्तक तिथेच थांबतं. पुढची बारा वचनंही आमच्या शास्त्रात कंसात आहेत. व्हॅटिकनच्या प्रतीत त्या शब्दानंतर नकलाकाराने अख्खा एक स्तंभ कोरा सोडला आहे. ती त्याची रीत नव्हे, एक पुस्तक संपलं की पुढचं तो लगेच पुढच्या स्तंभात सुरू करतो. नव्या करारात इथेच नाही केलं. मला त्या कोऱ्या जागेकडे बघताना हात आखडलेला माणूस दिसतो. आणखी मजकूर आहे हे त्याच्या कानावर असणार, समोरच्या प्रतीत तो नसणार, आणि त्याने जागा राखली पण भरली नाही.

बाईच्या गोष्टीकडे मी परत आले ती या वाटेने. दुसऱ्या शतकाच्या आरंभी पापियास नावाचा एक धर्माध्यक्ष होऊन गेला. पुस्तकांपेक्षा ज्यांनी शिष्यांना ऐकलं होतं त्या माणसांना विचारणं त्याला जास्त भरवशाचं वाटे. प्रभूपुढे पुष्कळ पापांचा आरोप ठेवलेल्या एका बाईची गोष्ट तो सांगायचा, असं युसेबियस या जुन्या मंडळी-इतिहासकाराने नोंदवलं आहे. ती हीच असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण हिच्यासारखी एक बाई तोंडातोंडी फिरत होती, आपल्या चारही शुभवर्तमानांत तिला दार उघडत नव्हतं, एवढं त्यातून दिसतं. पुढच्या काळातल्या ऑगस्टीन या धर्मपंडिताला तर वाटायचं की काही नवऱ्यांनीच ती आपल्या प्रतींतून काढली, आपल्या बायकांना पापाची मोकळीक मिळेल या धास्तीने. प्रतींचा पुरावा ऑगस्टीनच्या बाजूने नाही. मला मात्र त्याचा तर्क वाचून त्या नवऱ्यांचे चेहरे दिसले. नावनिशीचं वचन सगळ्या प्रतींत आहे आणि बहुधा चुकलेलं आहे. या बाईला सर्वांत जुन्या एकाही प्रतीत जागा नाही, आणि तरी ती खरोखरच मंदिराच्या त्या अंगणात उभी राहिली असेल, असं माझं मन म्हणतं. याहून पुढे मी जाऊ शकत नाही.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात भाची पुण्याला राहायला आली. येताना मी तिला आजीचं शास्त्र आणायला सांगितलं होतं. जेवणं झाल्यावर टेबल पुसून, वर्तमानपत्र अंथरून आम्ही बसलो आणि मी आधी सांगितलं की ते छपाईचं नव्हतं, मी तुझ्याशी खोटं बोलले. ती रागावली नाही, पण काही वेळ बोललीही नाही. मग मी तिला टॅबवर चित्रं दाखवली. मँचेस्टरच्या ग्रंथालयातला योहानाचा तो चिमुकला तुकडा, तळहाताहून लहान, नव्या कराराचा बहुधा सर्वांत जुना. काही अभ्यासक तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला धरतात, काही पुढे सरकवतात. त्याच्या मागच्या बाजूला रोमी सुभेदार पिलात आणि येशूचं बोलणं आहे. 'त्याला म्हणाला' एवढी अक्षरं शाबूत आहेत आणि 'सत्य काय आहे?' हा प्रश्न फाटून गेलेल्या भागात आहे. भाचीने बोटांनी चित्र मोठं केलं, जिथे पपायरस संपून नुसती काच उरते तिथपर्यंत नेलं. "मग तिथे तेच होतं हे कसं कळतं?" तिने विचारलं. बाकीच्या प्रतींवरून ओळीत किती अक्षरं बसतात ते मोजून, मी म्हणाले. आम्ही मोजून पाहिलं. मला ग्रीक मुळाक्षरांपलीकडे येत नाही, तिला तीही गणितामुळेच माहीत, तरी आम्ही मोजलं.

साडेअकरा वाजून गेल्यावर तिने पुस्तकाचं पहिलं पान उलगडलं. त्यावर आजीच्या अक्षरात घरातल्या सगळ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, मृत्यू. वरून दुसरी ओळ पणजोबांची: बाप्तिस्मा मोठ्या दुष्काळात. नोंदवहीची हकिकत तिला मी मघाशी सांगितली होती. ती खोडरबर शोधायला उठली. मी तिचा हात धरला आणि ओळीत गळलेलं वर लिहायचं तर आम्ही काय करायचो ते जुन्या वर्तमानपत्राच्या समासात काढून दाखवलं. तिने पेन्सिलीला टोक केलं, 'दुष्काळात'च्या पुढे छोटंसं काकपद काढलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: नोंदवहीप्रमाणे ऑगस्ट १८८१. मग थोडं थांबून शेजारी आणखी लिहिलं: सोबत एक अंध गृहस्थ होते.